लाल दोऱ्याची फळं

संपतभाऊजींनी फक्कीची रेघ ओढत आणली ती थेट हनुमानफळाच्या बुंध्यावरून पलीकडे नेली. बुंध्यालाही पांढरा पट्टा लागला. मग हात झटकत ते म्हणाले की इथून तिथवर दोन खोल्या होतील, मे महिन्यात मुंबईची माणसं पाचगणीत जागेसाठी वणवण फिरतात, आपलं घर रस्त्याला लागून आहे आणि एवढी जागा मोकळी ठेवणं म्हणजे निव्वळ खुळेपणा आहे.

"मोकळी कुठाय?" अण्णा म्हणाले. "झाड आहे की."

अण्णा म्हणजे माझे सासरे. एका मोठ्या निवासी शाळेत अडतीस वर्षं माळी होते. आदल्याच वर्षी निवृत्त झाले आणि घरी बसतात न बसतात तोच उजव्या हातात कंप भरला. जपमाळ ओढल्यासारखी बोटं सारखी हलायची. त्या दिवशी ते ओट्यावर बसले होते आणि हलणारा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता.

संपतभाऊजी माझे थोरले दीर. घरात शब्द त्यांचा चालायचा. ते न चिडता म्हणाले की झाड आहे ते मलाही दिसतंय, पण कशाला आहे ते सांगा. अकरा वर्षांचं झालं. गेली पाच वर्षं फुलतंय आणि सगळी फुलं गाळतंय. एक फळ दिलंय का आजवर? खरंच होतं ते.

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. लग्नाला आठ महिने झाले होते, नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर, तो बाहेर गेलेला. नव्या सुनेनं अशा वेळी कप ठेवून आत जायचं असतं. पण माझे वडील साताऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि दहाव्या वर्षापासून मी त्यांच्या शेजारी शिडीवर. खालून जाणारा येणारा प्रत्येक जण अक्षराला नावं ठेवायचा आणि आम्ही वरून उत्तरं द्यायचो. माझी जीभ तिथे तयार झाली, तिला घरात जायची सवयच नव्हती.

"आणि यंदा धरलं तर?" मी म्हणाले.

भाऊजी हसले. म्हणाले, "दसऱ्याला मी पाया खणणार. तोवर झाडावर एक फळ दाखव, खोल्या मागच्या अंगाला बांधतो. नाही दाखवलंस तर कुऱ्हाड मी घालीन आणि फांद्या तू उचलायच्यास."

"चालेल," मी म्हणाले.

अण्णांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. या घरात झाडाच्या बाजूनं कुणी बोलेल असं त्यांना वाटलं नसावं. ही सत्याऐंशी सालच्या एप्रिलातली गोष्ट.

संध्याकाळी ते मला झाडाखाली घेऊन गेले. हनुमानफळ म्हणजे सीताफळ-रामफळाच्या भावकीतलं. फुलात बघण्यासारखं काही नाही. तीन जाड पाकळ्या, रंग शेवाळी, मान खाली घालून लटकलेलं असतं. वास मात्र पिकल्या फळाचा. अण्णांनी एक फूल बोटानं उचलून दाखवलं.

"हे पहिल्या दिवशी बाई असतं," ते म्हणाले. "पाकळ्यांना नुसती फट पडते, तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुपार कलली की पाकळ्या फाकतात, बुवा होतं आणि भुकटी सांडतं. बाई असतं तेव्हा भुकटी नाही, आणि भुकटी येते तेव्हा बाई नाही. एकाच फुलात दोघं राहतात, पण गाठ म्हणून पडत नाही."

या झाडाच्या मुलखात म्हणे एक बारीक किडा असतो, तो ही गाठ घालून देतो. आपल्याकडे तो नाही, म्हणून माणसानं किडा व्हायचं. संध्याकाळी बुवा झालेल्या फुलांची भुकटी डबीत झाडून घ्यायची, ओल्या फडक्यात गार ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाई असलेल्या फुलाच्या फटीतून आत ब्रशानं लावायची. हे सगळं त्यांना शाळेतल्या पिंटो मॅडमनी शिकवलं होतं. मॅडमच्या बंगलीमागे असंच झाड होतं, त्याला दरवर्षी वीस-पंचवीस फळं धरायची. निवृत्त होऊन जाताना त्यांनी अण्णांच्या हातात बिया दिल्या आणि त्यातलंच हे झाड. फुलायला लागल्यावर अण्णांनी तीन वर्षं हात चांगला असताना सगळं मॅडमसारखं केलं, पण एकही फूल टिकलं नाही. मग हातच गेला.

मी विचारलं की मॅडमच्या झाडाला धरायचं आणि आपल्या नाही, असं का? काहीतरी वेगळं करत असतील त्या.

"वेगळं काय? उलट आपण जास्त जपून केलं," अण्णा म्हणाले. मॅडम म्हणजे देवमाणूस, पण सोवळ्याओवळ्याच्या नावानं शून्य. झोपेतून उठायच्या त्या गाऊनवरच, केस पिंजारलेले, एका हातात चहा, दुसऱ्या हातात ब्रश. दात तरी घासलेले असायचे की नाही देव जाणे. "मला शिडी धरताना लाज वाटायची. मी माझ्या दारात असं होऊ दिलं नाही. आंघोळ, पूजा, झाडाला दिवा, आणि मग हात. झाडाला पारोशानं शिवायचं नाही, शालन. आणि ते चार दिवस तर त्याच्या सावलीतसुद्धा यायचं नाही."

मी हो म्हणाले. माझ्या आईकडेही चार दिवस पाळायचे, त्यामुळे मला त्यात वेगळं वाटलं नाही.

पाळणूक बघायला घरात आक्का होत्या. आक्का अण्णांच्या थोरल्या बहीण, सतराव्या वर्षी नवरा वारला तेव्हापासून माहेरी. माझ्या सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, त्यामुळे चूल आक्कांची. बाजूला बसणाऱ्या बाईसाठी पडवीच्या कोनाड्यात एक जर्मनची ताटली आणि पेला ठेवलेला असे. ताटलीची एक कड चेमटलेली होती, कालवण वाढलं की सगळं त्या बाजूला जमायचं. चार दिवस त्याच ताटलीत, पडवीतच, आणि ती ताटली घरातल्या भांड्यांत कधी मिसळायची नाही. आक्का वरून वाढायच्या, लांबूनच.

आक्कांची आणखी एक गोष्ट मला खटकायची. परसात कढीपत्त्याचं झाड चुलीपासून दहा पावलांवर, पण फोडणी तडतडत असताना त्या मला दुसऱ्या टोकावरून हाक मारायच्या की शालन, कढीपत्त्याची डहाळी आण. मिरची तोडायची तरी मी, तुळशीला पाणी घालायचं तरी मी. त्या स्वतः अंगणात कशालाही हात लावत नसत. मला वाटायचं, म्हाताऱ्या बाईला हुकूम सोडायची हौस आहे. बाकी काही मनात आलं नाही.

मी साताऱ्याहून वडिलांचा शून्य नंबरचा ब्रश मागवला, खारीच्या केसांचा. ज्याला हात लागेल त्या फुलाच्या देठाला दोरा बांधायचा ठरवलं, म्हणजे नंतर हिशेब लागतो. पहिल्या बहराला पांढरे दोरे. बावीस फुलं झाली. रोज सकाळी आंघोळीला माझा नंबर सगळ्यांच्या शेवटी, मग अण्णांची पूजा, हलत्या हातानं गंध उगाळायचं म्हणजे तासाचं काम, मग झाडाला दिवा. ब्रश हातात येईपर्यंत दहा वाजायचे. अण्णा खाली खुर्ची टाकून बसायचे आणि मी शिडीवर. हात माझा स्थिर होता. वडील म्हणायचे, शालीच्या हातात पाण्याचा पेला दिला तर पाण्यालाही झोप लागेल.

आठ दिवसांत बावीसच्या बावीस फुलं गळाली. सकाळी अंगण झाडताना केरात पांढरे दोरे यायचे.

दुसऱ्या बहराला निळे दोरे. एकोणीस फुलं. अण्णांनी दिव्यात तूप वाढवलं, आक्कांनी खंडोबाला नवस बोलला. मी फटीतून ब्रश आत घालून गोल फिरवायची, जसं दाखवलं तसंच. तेही सगळे दोरे केरात गेले. भाऊजी टोचून बोलले नाहीत, एवढं मात्र म्हणेन. त्यांनी फक्त पुसट झालेली फक्कीची रेघ पुन्हा ओढली.

मे महिन्याचा तिसरा आठवडा आला. झाडावर शेवटचा बहर होता, तीसेक कळ्या, आणि त्या फुटायच्या बेतात असतानाच मी बाजूला झाले.

अण्णा म्हणाले चार दिवस थांबू. मी म्हणाले की मी थांबेन, फुलं थांबतील का ते त्यांना विचारा. त्यावर आतून आक्का आल्या. त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. रागावलेल्या असत्या तर मी उलट बोलले असते, पण त्या घाबरलेल्या दिसत होत्या.

"त्या झाडाकडं बघू बी नगंस," त्या म्हणाल्या. "जळंल ते. हिरवंगार झाड जळतं, मुळापासनं. तुला ठावं न्हाई."

घाबरलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

त्या दिवशी दहा वाजता अण्णा स्वतः ब्रश घेऊन उठले. मी पडवीतून बघत होते. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट घट्ट धरलं, ब्रश फटीपाशी नेला आणि फूल देठापासून तुटून खाली पडलं. दुसरंही तसंच तुटलं. तिसऱ्याला त्यांनी हात लावला नाही. तिथेच जमिनीवर बसले. मला पुढे जाऊन त्यांना उठवतासुद्धा येत नव्हतं.

तरी संध्याकाळी त्यांनी भुकटी गोळा केलीच. हलणारा हात त्या एका कामाला मात्र बरा होता, डबी फुलाखाली धरली की हात आपला झाडत राहायचा. डबी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी पडवीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता आत गेले. उद्या कोण लावणार हे त्यांनाही माहीत नव्हतं. सवयीनं केलं असावं.

दुसऱ्या दिवशी मला पहाटेच जाग आली. बाजूला बसलेल्या बाईला काम नसतं, आंघोळ नसते, चहासुद्धा कुणी देईल तेव्हा. उजाडत होतं, दव इतकं की पागोळ्या गळत होत्या. पडवीपासून झाडाची एक फांदी हाताच्या अंतरावर होती आणि तिच्यावर रात्रीत उघडलेलं एक फूल होतं. मी वाकून फटीतून आत पाहिलं. आतला बारीक शेंडा ओला होता, चकचकीत, बोटाला मध लागावा तसा.

महिनाभर मी असली फुलं आतून बघत आले होते, पण सकाळी दहाला. तेव्हा तो शेंडा कोरडा खट्ट असायचा.

आता पाट्या रंगवणाऱ्याच्या मुलीला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. सोनेरी अक्षर काढायचं तर आधी वार्निशनं अक्षर लिहायचं आणि ते चिकट असतानाच वरून सोनेरी भुकटी मारायची. वार्निश सुकल्यावर मारली तर सगळी भुकटी उडून जाते, अक्षर राहत नाही. वडिलांच्या हातचे मी त्यापायी दोन धपाटे खाल्ले होते. आणि इथे महिनाभर मी आंघोळ करून, दिवा लावून, सुकलेल्या वार्निशवर भुकटी मारत होते. पिंटो मॅडम पहाटे पारोशी यायची म्हणून तिला फळं मिळायची. अण्णांनी मॅडमची सगळी रीत उचलली आणि नेमकी कामाची गोष्ट लाज वाटली म्हणून सोडून दिली.

मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. आक्कांचा तो चेहरा डोळ्यांपुढे होता आणि खरंच जळालं तर, हा विचार मलाही आला. पण मग मनात म्हटलं, दसऱ्याला कुऱ्हाड पडायचीच आहे. कुऱ्हाडीनं मेलं काय आणि माझ्या हातानं मेलं काय, झाडाला सारखंच. आणि मला ठेवलंय पडवीत, ज्या हातानं काम होणार तो हात बांधून ठेवलाय, आणि आत दिव्याला तूप घालतायत. फार राग आला. तो राग आला नसता तर मी उठले नसते.

मी डबी उचलली, ब्रश घेतला आणि तशीच, विस्कटलेल्या केसांनी, झाडाखाली गेले. शिडी भिंतीला होती. आक्का सहाला उठायच्या, तोवर सहा फुलं झाली. प्रत्येकाला लाल दोरा बांधला. लाल का, तर वडिलांनी पाठवलेल्या रिळांमध्ये तेवढंच उरलं होतं.

तीच डबी पुरवून पुरवून तीन पहाटे मी हे केलं; अण्णा त्या दिवसांत नुसता दिवा लावून जायचे, वर बघायचे नाहीत. सतरा लाल दोरे. पाचव्या दिवशी न्हाऊन आत आले, तेव्हा अण्णांनी ते पाहिले आणि विचारलं हे कधी बांधलेस. आत्ताच, मी म्हणाले. आयुष्यात इतकं सरळ तोंडानं खोटं मी कधी बोलले नव्हते.

सतरांपैकी अकरा फुलांच्या पाकळ्या गळाल्या, पण देठ गळाले नाहीत. देठाला वाटाण्याएवढी हिरवी गाठ राहिली. अण्णा रोज चष्मा पुसून बघायचे आणि बोलायचे नाहीत, बोललं तर गळेल असं वाटत असावं त्यांना. पाचगणीच्या पावसानं चार नेली. दसऱ्याला सात फळं होती, मुठीएवढी, आणि प्रत्येकाच्या देठाला लाल दोरा. भाऊजींनी ती मोजली, फक्कीचा डबा उचलला आणि घराच्या मागच्या अंगाला गेले. दिलेला शब्द त्यांनी पाळला, त्याबद्दल त्यांच्याविषयी माझी आजही तक्रार नाही.

पण त्यानंतर जे सुरू झालं ते मला सोसेना. गावातून माणसं झाड बघायला येऊ लागली आणि अण्णा प्रत्येकाला तेच सांगत. यंदा दिवा एक दिवस चुकला नाही. यंदा घरात सगळं कडक पाळलं. पोरगी चार दिवस झाडाकडे फिरकली नाही, म्हणून धरलं. माणसं माना डोलवायची. मी तिथेच पाण्याचे तांबे घेऊन उभी असायची आणि ओठ दाताखाली धरायची. झाड वाचलंय ना, मग झालं, असं स्वतःला समजवायची. झाडासाठीच केलं होतं. नावासाठी नव्हतं केलं.

चंपाषष्ठीच्या आदल्या आठवड्यात पहिलं फळ रंग सोडून पिवळसर झालं. अण्णांनी ते काढून तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि षष्ठीच्या सकाळपर्यंत ते मऊ झालं. वांग्याचं भरीत, रोडगे, सगळा नैवेद्य तयार होता. फळ देवापुढे पाटावर ठेवलेलं, लाल दोऱ्यासकट. भाऊजी, माझा नवरा, आक्का, सगळे बसलेले. घरात त्या फळाचा वास भरला होता.

अण्णा देवाला हात जोडून म्हणाले की अशीच पाळणूक घडवून घे. मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं म्हणाले, "पुढच्या वर्षी आपण आणखी एक करू. बहराचा महिनाभर शालनला माहेरी धाडू. म्हणजे चार दिवसांचा प्रश्नच नको. भुकटी लावायला कुणी तरी बघू."

त्यांना वाटत होतं ते माझं कौतुक करतायत. मी पाटावरचं फळ उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"अण्णा, हा लाल दोरा मी बाजूला असताना बांधलाय," मी म्हणाले. "सातही. पहाटे उठून, पारोशी, पिंटो मॅडमसारखी. आंघोळ करून बांधलेले पांढरे आणि निळे केरात गेले, तुम्हीच पाहिलेत."

नवरा माझ्याकडे असा बघत होता की ही कोण. भाऊजी म्हणाले की मग हे देवाला कसं चालेल, टाकून द्या. मी म्हणाले टाका, पण मग सातही टाका आणि उद्या कुऱ्हाड आणा, पैज मी हरले असं समजा. आणि मग मी त्यांना वार्निशचं सांगितलं, दवाचं सांगितलं, दहा वाजता फूल आतून कसं असतं ते सांगितलं. माझा आवाज चढला होता. चढू दिला.

अण्णांनी मान खाली घातली होती. आक्का मात्र माझ्याकडेच बघत होत्या.

"हात लावलास झाडाला?" त्यांनी विचारलं. "तसल्या अंगानं?"

"लावला. तीन दिवस."

"आन् झाड?"

"बाहेर आहे की, आक्का. बघा."

त्या उठल्या नाहीत. बसल्या जागी बोलू लागल्या, माझ्याशी नाही, कुणाशीच नाही असं. त्या तेरा वर्षांच्या होत्या. पहिल्यांदाच बाजूला बसल्या होत्या, कुणी नीट सांगितलंही नव्हतं काय करायचं आणि काय नाही. दारात लिंबुणी होती, लिंबांनी लगडलेली. त्यांनी एक लिंबू तोडलं. महिन्याभरात झाड उभं वाळलं. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, त्याच झाडाची काटेरी फांदी तोडून त्यांना मारलं आणि गावात सांगितलं की हिच्या हातात जाळ आहे. वर्षात लग्न लावून दिलं. चार वर्षांत नवरा गेला, तेव्हा सासरच्यांनीही तेच म्हटलं. तेव्हापासून त्यांनी हिरव्या कशाला हात लावला नाही. म्हणून कढीपत्ता मी तोडायचा, म्हणून तुळस मी शिंपायची. एकोणपन्नास वर्षं.

मला माझीच लाज वाटली. हुकूम सोडायची हौस, असं वाटलं होतं मला.

तेवढ्यात अण्णा बोलले. हात मांडीखालून सुटला होता आणि जोरात हलत होता.

"आक्का, लिंबुणीला हुमणी लागली होती," ते म्हणाले. "मुळं खाल्ली होती किड्यांनी. आबांनी झाड उपटलं तेव्हा मी तिथंच होतो, मातीत पांढऱ्या आळ्या होत्या. तेव्हा मला कळलं नाही. शाळेत लागलो त्या वर्षी मॅडमनी गुलाबाच्या मुळाशी दाखवल्या, तेव्हा कळलं."

"शाळंत कवा लागलास तू?"

"अठ्ठेचाळीस साली."

आक्का बोटांवर मोजत होत्या की नुसत्याच हाताकडे बघत होत्या, कोण जाणे.

"चाळीस वरसं झाली की रं, सोपाना."

"वाटलं, आबा गेले, तुझं दुःख जुनं झालं, आता कशाला उकरायचं." अण्णा म्हणाले. "आणि आक्का, रीत ती रीत. मलाच वाटायचं की हुमणी असली तरी…"

आक्का पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. त्या उठल्या, पडवीत गेल्या आणि कोनाड्यातली ती चेमटलेली ताटली घेऊन आल्या. देवघरात. भाऊजी काहीतरी म्हणायला गेले, पण आक्कांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. माझ्या हातातलं फळ त्यांनी घेतलं, लाल दोरा सोडून स्वतःच्या मनगटाला गुंडाळला आणि फळ त्या ताटलीत फोडलं. पांढरा शुभ्र गर, काळ्या बिया. रस वाहत चेमटलेल्या कडेला जमला. ताटली त्यांनी अण्णांपुढे ठेवली.

"खा," त्या म्हणाल्या. "देवाला मागनं."

अण्णांनी हात पुढे केला. बोटं इतकी हलत होती की गर दोनदा निसटला. मी पुढे झाले तर आक्कांनी मला हातानं अडवलं. तिसऱ्यांदा अण्णांनी तो कसाबसा तोंडाशी नेला आणि खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. एक बी त्यांनी तळहातावर काढून ठेवली. आक्का समोर बसून त्यांनी घास गिळेपर्यंत बघत राहिल्या. मग स्वतः त्याच ताटलीतून खाल्लं आणि मला दिलं. देवाला दुसऱ्या फळाचा नैवेद्य पुढच्या आठवड्यात दाखवला. खंडोबा काही बोलला नाही.

ती ताटली परत कोनाड्यात गेली नाही. चुलीपाशी आक्का तीत कोथिंबीर निवडायच्या.

त्या दिवशी दुपारी मी आमटी फोडणीला टाकली आणि सवयीनं कढीपत्त्यासाठी बाहेर जायला निघाले, तर आक्का म्हणाल्या तू थांब. दहा पावलं चालायला त्यांना केवढा वेळ लागला. मी खिडकीतून बघत होते. झाडापाशी उभ्या राहिल्या, हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. मग डहाळी नाही, अख्खी फांदीच मोडून आणली आणि सगळी आमटीत घातली. आमटीपेक्षा पाला जास्त झाला होता. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली.